“बोलेल हळूहळू” म्हणत वर्षे जातात : स्वमग्नतेची तपासणी समजून घेऊ

“मुलगाच आहे, उशिरा बोलेल.” “याचा बापही चार वर्षांचा झाल्यावर बोलला.” “बालवाडीत घाला, मुलांत मिसळला की बोलेल.” वस्तीतल्या ज्या घरात तीन वर्षांचे न बोलणारे लेकरू आहे, तिथल्या आईने ही वाक्ये ऐकलेली असतातच. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. काही मुले खरेच उशिरा बोलतात आणि पुढे ठीक होतात. पण कोणते मूल नुसते उशिरा बोलणारे आहे आणि कोणाला मदतीची गरज आहे, हे शेजारीण किंवा आजी बघून सांगू शकत नाही. ते तपासूनच कळते.

स्वमग्नता म्हणजे काय?

डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात, त्यालाच मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा संसर्गाने होणारा आजार नाही आणि हे वेडही नाही. मेंदूची घडण जन्मापासूनच थोडी वेगळी असते. त्यामुळे दुसऱ्याशी संवाद साधणे, नजर मिळवणे, खेळात सामील होणे अवघड जाते. तीच तीच कृती करावीशी वाटते. आवाज, उजेड, स्पर्श कधी फार जाणवतो, तर कधी जाणवतच नाही. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत डीजे सुरू झाला की कान गच्च दाबून किंचाळणारे मूल हट्टी असेलच असे नाही. त्याला तो आवाज खरोखर सहन होत नसेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात साधारण 127 माणसांमागे एकाला स्वमग्नता असते. म्हणजे मोठ्या वस्तीत अशी मुले आणि मोठी माणसेही असणारच. फक्त कोणी त्यांना ‘खुळा’ म्हणते, कोणी ‘वात्रट’, कोणी ‘मुका’.

दोष कोणाचा?

लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 मध्ये अमेरिकेत 11 मुलांच्या नोंदींवरून स्वमग्नतेचे वर्णन केले. त्यानंतर बरीच वर्षे काही तज्ज्ञ ‘आईची माया कमी पडली’ असे म्हणत राहिले. पुढच्या संशोधनाने ते खोटे ठरवले. मोठा वाटा आनुवंशिक घडणीचा असतो. आई घरकामाला जाते म्हणून, गरोदरपणात ग्रहण पाहिले म्हणून, मागच्या जन्मीच्या पापामुळे स्वमग्नता होत नाही. लसीमुळेही होत नाही. 1998 मध्ये इंग्लंडमध्ये 12 मुलांवरून तसा दावा करणारा लेख छापून आला होता. तो लेख त्याच नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. तेव्हा लस चुकवू नका.

मोबाईलचे काय? मोबाईलमुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. मात्र दिवसभर मोबाईल हातात असलेल्या मुलाशी कोणी बोलत नाही, म्हणून त्याचे बोलणे मागे पडू शकते. मोबाईल कमी कराच. पण “मोबाईल बंद करून सहा महिने बघू” म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

कधी सावध व्हायचे?

• नऊ-दहा महिन्यांचे बाळ हाक मारल्यावर वळत नाही.
• वर्षाचे झाले तरी टाटा करणे, हात पुढे करणे, बा-बा, दा-दा असे आवाज काढणे नाही.
• सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही.
• दीड वर्षाचे मूल बोटाने वस्तू दाखवत नाही, आईचा हात धरून त्या वस्तूकडे ओढत नेते.
• दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा ऐकलेलेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते.
• गाडीशी खेळण्याऐवजी नुसते चाकच फिरवत बसते, वस्तू ओळीने लावते, ओळ मोडली की आकांत करते.
• येत असलेले शब्द किंवा हसणे-बोलणे बंद पडले. हे कोणत्याही वयात झाले तरी लगेच दाखवा.

यातले एखादे लक्षण दिसले म्हणजे स्वमग्नता आहेच असे नाही. पण तपासायला हवे, एवढे नक्की.

उशीर का होतो?

घरचे “बोलेल” म्हणतात. कधी डॉक्टरही “थांबून बघू” म्हणतात. सिव्हिलची एक फेरी म्हणजे एक खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती असते. देवऋषी, अंगारे-धुपारे, गंडेदोरे यांत पैसा आणि वर्षे दोन्ही जातात.

मुलींच्या बाबतीत उशीर जास्त होतो. गप्प बसणाऱ्या मुलीला ‘गुणाची, लाजाळू’ म्हटले जाते. अनेक मुली दुसऱ्यांचे बघून वागणे उचलतात आणि आपली अडचण झाकतात. जे मूल चांगले बोलते, आकडे पाठ म्हणते, त्याच्याकडेही लक्ष जात नाही. पाचवी-सहावीत मित्र नाहीत, शाळेतून रोज तक्रारी येतात, तेव्हा कुठे शंका येते.

अनुभवी तज्ज्ञाला दोन वर्षांच्या आसपास खात्रीने निदान करता येते. पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदू झपाट्याने शिकतो. ती वर्षे वाट बघण्यात जाऊ नयेत, म्हणून ही घाई.

तपासणी कोठे आणि कशी?

सुरुवात अंगणवाडीपासून करा. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. पथकाला मुलाबद्दल स्वतःहून सांगा. ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीला, चिठ्ठी देतात. तिथली सेवा मोफत असते. पथकाची वाट न बघता केसपेपर काढून सिव्हिलच्या बालरोग विभागातही थेट जाता येते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ऐकण्या-बोलण्याची तपासणी करते. नागपुरातही दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे.

रक्त तपासून किंवा एमआरआय काढून स्वमग्नता कळत नाही. आधी कान तपासतात, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही. मग आईवडिलांना जन्मापासूनची माहिती विचारतात: केव्हा रडले, केव्हा बसले, पहिला शब्द कोणता. मुलाला खेळायला देऊन बघतात. आपल्या देशात तयार झालेली ‘इसा’ नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे असतात आणि प्रत्येकाला 1 ते 5 गुण. यातले जास्त गुण शाबासकीचे नसतात. गुण जितके जास्त, तितकी अडचण जास्त. हे काम एका फेरीत संपत नाही, दोन-तीन फेऱ्या लागतात.

जाताना माता व बाल संरक्षण कार्ड, जुने केसपेपर आणि शाळेचे काही लेखी असेल तर ते न्या. मूल घरी कसे वागते याचे दोन-तीन छोटे व्हिडिओ मोबाईलवर काढून ठेवा, कारण दवाखान्यात मूल वेगळेच वागते. मूल चांगले दिसावे म्हणून काही झाकू नका. निघताना अहवाल लेखी मागा.

निदानाने काय मिळते?

स्वमग्नता पूर्ण घालवणारे औषध नाही. फिट, झोप, अतिचंचलपणा यांसाठी औषध असते, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या. ‘स्टेम सेल’च्या नावाखाली लाखो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्वमग्नतेसाठी तो उपचार मान्य केलेला नाही. उपयोग होतो तो वाचा-उपचार, खेळातून शिकवणे आणि घरच्यांच्या रोजच्या सरावाचा.

तो सराव आजपासून करता येतो, निदानासाठी थांबायला नको. मुलाच्या समोर, त्याच्या उंचीवर बसा. छोटे शब्द वापरा: “पाणी”, “दे”, “चल”. वस्तू देण्याआधी पाच-दहा सेकंद थांबा, त्याला मागायची संधी द्या. बोलत नसेल तर चित्र दाखवून मागायला शिकवा. आपल्या बोलीतच बोला. इंग्रजीच बोलले पाहिजे, असे काही नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नता आहे. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळते. लहान वयातले प्रमाणपत्र पुढे नव्याने करावे लागते. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा. सरकारी नोकरीतील 4 टक्के दिव्यांग आरक्षणात स्वमग्नता येते. ते समांतर आरक्षण आहे, त्यामुळे जातीचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्र दोन्ही जपून ठेवा. एकामुळे दुसरे रद्द होत नाही.

मूल मोठे झाले असेल तर?

दहाव्या, पंधराव्या, अगदी पंचविसाव्या वर्षीही तपासणी करून घ्यावी. गेलेली वर्षे परत येत नाहीत, पण मार थांबतो. ‘ऐकत नाही’ म्हणून खाल्लेल्या माराचे कारण घराला कळते, आणि त्या मुलालाही कळते की आपण वाईट नव्हतो. जमेल असे काम शिकवता येते. अठरा वर्षांनंतर स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नसतील तर राष्ट्रीय न्यासाच्या जिल्हा समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. आईवडिलांच्या पश्चात कोण, या प्रश्नाची सुरुवात तिथून होते.

शेवटी शेजाऱ्यांसाठी. महिला मंडळातील एखादी ताई दवाखान्याच्या फेरीला सोबत गेली, कोणी त्या दिवशी धाकटे मूल सांभाळले, मिरवणुकीत त्या घरापुढे डीजेचा आवाज कमी केला, विहारात मूल मधेच ओरडले तरी कोणी मागे वळून आईकडे रागाने बघितले नाही, तर त्या घराचे अर्धे ओझे हलके होते. आपल्या गल्लीत असे लेकरू असेल तर “बोलेल हळूहळू” म्हणू नका. “कधी जायचे दाखवायला? मी येते,” असे म्हणा.