हायड्राचे डोके कोण ठरवते?

गोड्या पाण्यातील वनस्पतींना चिकटून राहणारा हायड्रा कापला असता त्याच्या तुकड्यांपासून सबंध प्राणी पुन्हा तयार होतात, हे अब्राहम ट्रेम्ब्ले यांनी १७४० च्या दशकातच दाखवले होते. मात्र तोंड कोणत्या टोकाला फुटावे, हे पेशींना कसे कळते, हा प्रश्न उरलाच. १९०९ मध्ये एथेल ब्राउन यांनी तोंडाजवळच्या ऊतीचा कण दुसऱ्या हायड्राच्या धडावर बसवला, तेव्हा यजमानाच्याच पेशी कामाला लागून तेथे नवा शरीर-अक्ष उभा राहिला. अशाच तत्त्वाच्या शोधासाठी १९३५ चे नोबेल हान्स श्पेमान यांना मिळाले, ब्राउन यांचे श्रेय मात्र दीर्घकाळ झाकोळलेले राहिले, ही खेदाची बाब होय.

तोंडाजवळच्या या ऊतीचे सामर्थ्य ‘विंट’ नावाच्या जनुकांत आहे. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने शेजारच्या पेशींना संदेश देतात आणि त्या पेशींत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साचून डोके घडवणारी इतर जनुके जागी होतात. मुकुलायनात, म्हणजे अंगावर कळी फुटून होणाऱ्या अलैंगिक प्रजननातही, धडाच्या खालच्या भागात एका ठिकाणी हीच जनुके नव्याने सक्रिय होतात आणि तेथेच पिल्लाचे डोके आकार घेते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही हायड्राच्या अशा जनुकांवर संशोधन झाले आहे.