जुना फोर्डसन चालू होत नसल्यास
इंग्लंडात डॅगनहॅम येथे १९४५ पर्यंत तयार झालेला फोर्डसन ‘एन’ ट्रॅक्टर सकाळी चालू न झाल्यास दोष बहुधा आदल्या सायंकाळचा असतो, असे आमचे मत आहे. हे यंत्र पेट्रोलवर सुरू होते व तापल्यावर रॉकेलवर चालते. थंडपणी रॉकेलची पुरेशी वाफ होत नाही. म्हणून काम संपताच रॉकेल बंद करून यंत्र थोडा वेळ पेट्रोलवर चालवावे व मगच थांबवावे. हे राहिले असल्यास कार्ब्युरेटरातील रॉकेल काढून टाकावे आणि प्लग कोरडे करावेत. हँडल फिरविण्यापूर्वी गिअर सोडवावा, ठिणगी उशिरा पडेल असा दांडा लावावा व अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. उलट झटक्याने मनगट मोडते. सायंकाळी दोन मिनिटे वाचवून सकाळचा वाफसा दवडणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.