विरजण कोणाकडे मागायचं?

गिरगावातल्या चाळीतून परळच्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्या माझ्या मावशीला पहिल्याच आठवड्यात एक अडचण आली. दूध तापवून कोमट करून ठेवलं आणि लक्षात आलं, घरात विरजण नाही. चाळीत चार पावलांवर चार दारं होती, चारही उघडी. इथे मजल्यावर दोनच घरं. समोरचं दार बंद आणि वर कॅमेरा. तिने इंटरकॉमवरून खाली विचारलं, समोर कोण राहतं? पहारेकरी म्हणाला, ‘मॅडम, नाव सांगायची परवानगी नाही.’ शेवटी मुलाने फोनवरून दही मागवलं. दहा मिनिटांत आलं. संध्याकाळी मावशी मला म्हणाली, “दही आलं रे, पण विरजण राहिलंच.”

श्रीमंती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वस्तू येतात. गाडी, घड्याळ, हिरे. पण पैसा हाती खेळू लागला की माणूस सगळ्यात आधी घेतो ते अंतर. रांगेपासून, घामापासून, सुट्ट्या पैशांच्या कटकटीपासून, शेजाऱ्याच्या खोकल्यापासून अंतर. ते हप्त्याहप्त्याने येतं. लोकलच्या सेकंड क्लासातून फर्स्ट क्लासात, तिथून स्वतःच्या गाडीत, मग गाडीला ड्रायव्हर. त्यातली एकही पायरी वावगी नसते. दगदग कोणाला हवी असते? पण दर पायरीला काही माणसं मागे राहतात आणि त्यांच्याकडून फुकटात कळणारं जगही.

२०१८ साली अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात बिल गेट्स यांच्यापुढे किराणा सामान मांडलं आणि भाव ओळखायला सांगितलं. डॉलरभराला मिळणारं मसालेभाताचं पाकीट त्यांनी पाच डॉलरचं ठरवलं आणि जवळपास वीस डॉलरच्या कपडे धुण्याच्या साबणाला चार डॉलर लावले. सगळे हसले, तेही हसले. गंमत अशी की त्यांची चूक एका बाजूला झुकलेली नव्हती. स्वस्त ते महाग वाटलं, महाग ते स्वस्त. ज्या रस्त्याने आपण कधी गेलोच नाही, त्याचे खड्डे सांगायचे कसे?

हे एकट्या गेट्स यांचं नाही. एमिली बियांची आणि कॅथलीन व्होस या संशोधकांनी २०१६मध्ये अमेरिकेतल्या लाखाहून अधिक लोकांची सर्वेक्षणातली माहिती तपासली. उत्पन्न जास्त तसा माणसांत घालवलेला वेळ कमी, असं त्यांना दिसलं. त्यातही कपात झाली ती कुटुंबाच्या आणि शेजाऱ्यांच्या वाट्याची. मित्रांना मात्र उलट जास्त वेळ मिळत होता. म्हणजे श्रीमंत माणूस एकलकोंडा होतो असं नाही, तो माणसं निवडायला लागतो. शेजारी निवडता येत नाही. न निवडलेली माणसं आयुष्यातून गळतात, ती अशी. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर झालेल्या एका अभ्यासात तर वरच्या वर्गातल्या लोकांची नजर येणाऱ्याजाणाऱ्यांवर कमी वेळ टिकते, असं आढळलं.

नानांचं गिरगाव

आपल्याकडे हे नेहमी असंच होतं का? जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना हे एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतले मोठे धनिक. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे ते संचालक, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीतले मानकरी. पण राहायला गिरगावात. सरकारने जवळच्या सोनापूरची स्मशानभूमी पार शिवडीला हलवायचं ठरवलं, तेव्हा नाना आडवे आले आणि तो बेत त्यांनी हाणून पाडला. गिरगावातून खांद्यावर तिरडी घेऊन शिवडी गाठायची म्हणजे काय, हे त्यांना कोणी अहवाल लिहून कळवायची गरज नव्हती. ती माणसं त्यांच्या आळीतली होती.

जुन्या काळाच्या आरत्या ओवाळायचं मात्र कारण नाही. चाळींत जातीच्या भिंती पक्क्या होत्या, नळावर भांडणं होती आणि गिरणीमालकांचे बंगले तेव्हाही मलबार हिलवरच होते. मुद्दा एवढाच की वजनदार माणूस आळीत राहतो, तेव्हा त्याचं वजन आळीच्या कामी येतं.

गिरणीच्या जागेवर

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव मोडला. जिथे भोंगे वाजत तिथे पुढे टॉवर आले. लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर आज २८० मीटर उंचीची वर्ल्ड वन ही इमारत उभी आहे. असल्या टॉवरांची रचना बघण्यासारखी असते. खालचे पाच-सहा मजले नुसत्या गाड्यांचे. त्यावर बाग, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, आणि माणसांची वस्ती त्याही वर. गाडी थेट आत जाते, लिफ्ट थेट दारात नेते. फुटपाथला पाय लावायची वेळच येत नाही. आणि एक सर्व्हिस लिफ्ट असते. तिच्यातून कचरा जातो, गॅस सिलिंडर येतो आणि स्वयंपाकाच्या, धुण्याभांड्याच्या बायाही येतात.

यात श्रीमंतांचं नुकसान होतं ते त्यांचं त्यांनी बघावं, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७०च्या आपल्या पुस्तकात एक कोडं मांडलं होतं. नायजेरियात मालवाहतुकीसाठी रेल्वेला ट्रकची स्पर्धा होती. स्पर्धेने रेल्वे सुधारायला हवी होती, पण ती ढिम्मच राहिली. असं का? तर ज्या मोठ्या गिऱ्हाइकांनी आरडाओरडा करून रेल्वेला ताळ्यावर आणलं असतं, तीच आधी ट्रककडे गेली. मागे उरले ते ज्यांचं कोणी ऐकत नाही असे लोक.

मुंबईच्या लोकलला हे जसंच्या तसं लागू पडतं. रुळांवर आणि गाडीतून पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यांतले काही गेले. दोन दिवस चर्चा झाली, तिसऱ्या दिवशी दारं पुन्हा तशीच भरली. त्याआधी, मार्च २०२४पासून टप्प्याटप्प्याने मरीन ड्राइव्ह ते वरळी कोस्टल रोड खुला झाला. साडेदहा किलोमीटरचा, तेरा हजार कोटींहून अधिक खर्चाचा आणि टोल नसलेला. त्यावर दुचाकी, रिक्षा आणि पायी जाणाऱ्यांना बंदी आहे. रस्ता उत्तम झालाय, वादच नाही. पण मे २०२५मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं, हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? शहर कोणाच्या अडचणी आधी सोडवतं, हे अडचण किती मोठी यावर ठरत नाही. ती कोणाच्या वाट्याला येते, यावर ठरतं. रांग सोडून जाणारा आपला आवाजही सोबत घेऊन जातो.

एक रुपयाची पुडी

हे वाचताना आपण स्वतःला टॉवरच्या बाहेर उभं करतो. पण शाम्पूची बाटली ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी एक रुपयाची पुडी निघाली, तसं आता हे अंतरही पुड्यांमध्ये मिळायला लागलंय. दहा मिनिटांत दारात भाजी. सोसायटीच्या ॲपवर ‘पाहुण्याला सोडू का?’ हा प्रश्न. मुलांची शाळा वेगळी, दवाखाना वेगळा, पाण्याला टँकर. महापालिकेच्या शाळेचं छप्पर गळतं की नाही, हे मध्यमवर्गाला आज तेवढंच माहीत आहे, जेवढे गेट्स यांना साबणाचे भाव. भाजीवालीशी घासाघीस करणं ही कटकट खरीच, पण यंदा पाऊस लांबला आणि मेथी सडली, हे कळायचं ते तिच्याकडूनच. पैसा वाचवतो तो वेळ, आणि त्या वेळेबरोबर जे जातं त्याची पावती मिळत नाही.

मावशीला विरजण मिळालं, पण समोरच्या दारातून नाही. तिच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी आपल्या घरून छोट्या स्टीलच्या डबीत आणलं. वर म्हणाल्या, “आजी, आता तुम्ही सगळं संपवू नका हं. रोज थोडं बाजूला काढून ठेवायचं.” दही छान लागलं. समोर कोण राहतं ते मावशीला अजून कळलेलं नाही. बाई राहतात वरळी कोळीवाड्यात, त्यांच्या मुलीची यंदा दहावी आहे, आणि ती डबी सर्व्हिस लिफ्टने वर आली होती.