लिप्यंतरांचें जतन आणि मुक्तस्रोत आज्ञावल्या

जुनीं मोडी कागदपत्रें बाळबोधींत उतरविणें हें संशोधकाचें नित्याचें काम होय. गेल्या तीन दशकांत तें पुष्कळ ठिकाणीं संगणकावर झालें. त्यामुळें असा विलक्षण प्रकार घडूं लागला आहे कीं, मूळ कागद तीनशें वर्षें टिकला, परंतु त्याचें लिप्यंतर वीस वर्षांत वाचेनासें झालें!

याचें कारण टंकांत आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं देवनागरी अक्षरांच्या आकृति रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेल्या असत. तो टंक यंत्रावर असेपर्यंत मजकूर मराठी दिसे; टंक नसला कीं निरर्थक रोमन अक्षरें उरत. प्रत्येक विक्रेत्याची मांडणी निराळी, आणि कांहीं आज्ञावल्या तर यंत्रास जोडावयाच्या एका किल्लीवांचून उघडतच नसत. दफ्तर आपलें, पण किल्ली परक्याच्या कमरेस, अशी ही स्थिति. आमच्या पाहण्यांतील एक लिप्यंतरसंग्रह याच कारणानें पुन्हां प्रथमपासून टंकित करावा लागला.

मुक्तस्रोत आज्ञावली म्हणजे जिचा सोर्स कोड कोणासहि पाहतां, बदलतां व वांटतां येतो ती. स्टारऑफिस ही आज्ञावली सन कंपनीनें १९९९ सालीं विकत घेतली व २००० सालीं तिचा कोड खुला केला. २०१० सालीं सन कंपनी ओरॅकलच्या हातीं गेली. त्याच वर्षीं कार्यकर्त्यांनीं तोच कोड घेऊन लिबरऑफिस सुरू केलें. मालक बदलला, काम थांबलें नाहीं. संशोधकास महत्त्व आहे तें या गोष्टीचें; किंमत द्यावी लागत नाहीं हा लाभ गौण होय.

फुकट मिळतें म्हणून श्रम लागत नाहींत, असें मात्र कोणीं समजूं नये. म्यूनिक नगरपालिकेनें २००३ सालीं लिनक्सचा निर्णय घेतला. सुमारें १५,००० यंत्रें बदलण्यास २०१३ साल उजाडलें, आणि २०१७ सालीं नगरसभेनें पुन्हां विंडोजकडे वळण्याचें ठरविलें.

आमच्या मतें आज्ञावली बदलण्याआधीं मजकूर युनिकोडमध्यें आणावा. देवनागरी तेथें १९९१ पासून आहे. मोडीसहि २०१४ सालीं स्थान मिळालें. टंकपरिवर्तकानें हें काम त्वरित होतें, पण त्यावर विसंबून राहूं नये. जुन्या टंकांत ‘किल्ला’ शब्दाची वेलांटी ‘क’च्या आधीं सांठविलेली असे, युनिकोडमध्यें ती नंतर येते, रफाराचीहि जागा बदलते. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील रकाराचा भेद राहिला नाहीं, तर आरमाराच्या पत्रांत समुद्राच्या दऱ्या होतात. सबब प्रत्येक पान मूळ कागदाशीं ताडून पाहिलें पाहिजे. मग तें ओपन डॉक्युमेंट या स्वरूपांत ठेवावें. २००६ सालीं तें आंतरराष्ट्रीय मानक झालें असून त्याची रचना प्रसिद्ध आहे. शेवटीं आज्ञावली बदलावी.

तपासणी पुरी होईपर्यंत जुनें यंत्र व जुना टंक टाकून देऊं नये. तपासलेल्या पाठाची एक छापील प्रत, टंकाचें नांव व तपासणीची तारीख घालून, मूळ कागदाच्याच रुमालांत ठेवावी.