किनाऱ्याची भाषा

(आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शहरे, व्यापार आणि एक नवी भाषा कशी घडली, हे या पाठात सांगितले आहे.)

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबते थेट महाडपर्यंत येत. या समुद्राच्या पलीकडे, दूर नैर्ऋत्येला, आफ्रिकेचा किनारा आहे.

तेथे बांटू भाषा बोलणारे लोक राहतात. ‘बांटू’ म्हणजे ‘माणसे’. सुमारे ३००० ते ४००० वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आजच्या कॅमेरून व नायजेरियाच्या सीमेवरील प्रदेशातून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पसरू लागले. ते शेती करत. पुढे ते लोखंडाची अवजारेही बनवू लागले.

त्यांच्यापैकी काही लोक पूर्व किनाऱ्यावर स्थायिक झाले. हिवाळ्यात ईशान्येचे वारे वाहू लागले, की अरबस्तान आणि हिंदुस्थानची जहाजे तिकडे जात. वारे उलटले, की ती परत फिरत. या वाऱ्यांना आपण ‘मोसमी वारे’ म्हणतो. तुमच्या ओळखीचा ‘मौसम’ हा शब्द त्यात लपला आहे. जे वारे आपल्या भातशेतीला पाऊस देतात, तेच वारे जहाजांची शिडे फुगवत.

या व्यापारातून मोंबासा, किल्वा अशी शहरे भरभराटीला आली. आपल्याकडून सुती कापड आणि काचेचे मणी तिकडे जात, तिकडून सोने आणि हस्तिदंत येई. इब्न बतूता १३३१ साली किल्व्याला गेला आणि ते शहर पाहून फार खूश झाला. सोने आतल्या झिंबाब्वेच्या पठारावरून येई. तेथे शोना लोकांच्या पूर्वजांनी चुन्याशिवाय, दगडावर दगड रचून प्रचंड भिंती उभारल्या. ‘आफ्रिकी लोकांना हे जमणार नाही, परक्यांनीच बांधले असेल’, असे अनेक युरोपियन म्हणत. उत्खननाने त्यांचे म्हणणे खोटे ठरवले.

किनाऱ्यावरच्या भाषेचे नाव स्वाहिली. ‘साहिल’ म्हणजे किनारा, हे तुम्हांला माहीत आहेच. त्याच्या ‘सवाहिल’ या अनेकवचनावरून हे नाव पडले. स्वाहिलीत पुस्तकाला ‘किताबू’ म्हणतात, पण अनेक पुस्तके म्हणजे ‘वीताबू’! शब्द अरबी, व्याकरण मात्र बांटू. पाहुण्या शब्दाने घराचे नियम पाळले.

या व्यापाराला एक काळी बाजूही होती. माणसांनाच गुलाम करून विकले जाई. हबश देशातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, आणि पूर्व किनाऱ्यावरून अनेक जण असे हिंदुस्थानात आणले गेले. मलिक अंबर लहानपणी विकला गेला होता. तोच पुढे निजामशाहीचा वजीर झाला. आपल्याच जिल्ह्यातील जंजिऱ्यावर सिद्दींनी १९४८ पर्यंत राज्य केले. त्या मुलखाला लोक ‘हबसाण’ म्हणत. ‘जंजिरा’ हा शब्दही ‘जजीरा’, म्हणजे बेट, यावरूनच आला.

म्हणून कोणी ‘हबशी’ हा शब्द चिडवण्यासाठी वापरला, तर त्याला हा इतिहास सांगा. आणि ‘बांटू’ या शब्दाचा अर्थही सांगा.

शब्दार्थ
गलबत – शिडाचे मोठे जहाज
हस्तिदंत – हत्तीचा दात
उत्खनन – जमीन खणून जुन्या वस्तूंचा शोध घेणे

स्वाध्याय
१. जहाजांना वाऱ्यांचा उपयोग कसा होई?
२. ‘पाहुण्या शब्दाने घराचे नियम पाळले’, असे लेखक का म्हणतो?
३. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द लिहा.