नदीत पाणी दिसतंय, मग क्रूझ का थांबली?

(आमच्या पॉडकास्टच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी बहुतेक जसंच्या तसं.)

आजचा विषय थोडा लांबचा वाटेल, पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरापर्यंत पोचलेला आहे. जर्मनीत, नेदरलंड्समध्ये नोकरी करणारी मराठी मुलं-मुली आता आईबाबांना उन्हाळ्यात बोलावून घेतात आणि सोबत एक रिव्हर क्रूझ बुक करतात. सात दिवस, एकच खोली, रोज सकाळी खिडकीबाहेर नवं गाव, बॅग पुन्हा पुन्हा भरायला नको. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांसाठी याहून चांगलं काय? माणशी दोन-तीन लाख रुपये सहज जातात, विमानाचं तिकीट वेगळं.

आणि मग ऑगस्टमध्ये ईमेल येतो: 'नदीची पातळी कमी असल्यामुळे प्रवासाचा काही भाग बसने होईल.' आपण नकाशा उघडतो, फोटो बघतो. नदी तर भरपूर रुंद दिसते, पाणीही दिसतं. मग अडलं कुठे?

सगळा प्रवास एका उथळ जागेवर ठरतो

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. सिस्टीम कितीही मोठी असो, तिचा वेग सगळ्यात हळू भाग ठरवतो. नदीचंही तसंच. अॅमस्टरडॅमहून बुडापेस्टला जाणारी दोन आठवड्यांची क्रूझ घ्या. ऱ्हाईन, मग माइन नदी, मग १९९२ साली सुरू झालेला १७१ किलोमीटरचा कालवा आणि शेवटी डॅन्यूब. एकूण अठराशे किलोमीटरच्या आसपास. यातले सतराशे किलोमीटर व्यवस्थित असले आणि दोन-चार किलोमीटर उथळ असले, तरी जहाज तिथेच थांबणार.

ऱ्हाईनवरची अशी सगळ्यात प्रसिद्ध जागा म्हणजे काउब. बिंगेन आणि कोब्लेन्झ यांच्या मधलं छोटंसं गाव. तिथे नदीच्या मधोमध एका खडकाळ बेटावर पांढराशुभ्र छोटा किल्ला आहे, तुम्ही फोटोत पाहिला असेल. २०१८ आणि २०२२ मध्ये पाणी इतकं उतरलं की लोक काठावरून त्या किल्ल्यापर्यंत चालत गेले. तळ खडकाचा आहे, त्यामुळे वाळूसारखा सहज उपसता येत नाही.

पातळीचा आकडा म्हणजे खोली नाही

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये काउबची पातळी २५ सेंटिमीटरपर्यंत उतरली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती ३० च्या आसपास होती. बातमी वाचून वाटतं, ३० सेंटिमीटर म्हणजे घोट्याच्या थोडं वर, यात बोट कशी चालणार? तर हा आकडा खोलीचा नाही. पट्टीचा शून्य कुठे लावायचा हे फार पूर्वी ठरलेलं आहे आणि तो नदीच्या तळाशी नाही. काउबला पातळी साधारण ७८ सेंटिमीटर असते, तेव्हा जहाजांच्या वाटेत १.९० मीटर खोली मिळते. म्हणजे पट्टीच्या आकड्यात साधारण १.१० मीटर मिळवायचे. पातळी ३० असेल तर खोली १.४० मीटरच्या आसपास.

आता जहाज बघू. युरोपातलं मोठं नदीवरचं क्रूझ जहाज साधारण १३५ मीटर लांब आणि ११.४ मीटर रुंद असतं. रुंदी एवढीच, कारण माइन नदी आणि कालव्यावरची लॉक १२ मीटर रुंद आहेत. अशा जहाजात १९० च्या आसपास प्रवासी मावतात आणि त्याचा दीड ते पावणेदोन मीटर भाग पाण्याखाली असतो. याला ड्राफ्ट म्हणतात. ड्राफ्ट १.६० आणि खोली १.४० असेल, तर गणित तिथेच संपलं. शिवाय तळाखाली थोडी जागा मोकळी सोडावी लागते, कारण उथळ पाण्यात वेगाने जाणारं जहाज आणखी खाली बसतं. तळाखालून पाणी जोरात सरकतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाज खाली ओढलं जातं. शाळेतला बर्नुली आठवा. म्हणूनच अशा पट्ट्यात कॅप्टन वेग एकदम कमी करतो.

माणसं उतरवली तर जहाज वर येईल का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण याचं उत्तर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर निघतं.

१३५ गुणिले ११.४, म्हणजे सुमारे १५४० चौरस मीटर. पुढचा-मागचा निमुळता भाग वजा केला तर १४०० धरू. जहाज एक सेंटिमीटर वर यायला १४ घनमीटर पाण्याएवढं वजन उतरवायला हवं, म्हणजे १४ टन. आता १९० प्रवासी, बॅगेसकट माणशी १०० किलो धरले तर १९ टन. म्हणजे सगळेच्या सगळे प्रवासी सामानासकट उतरवले, तरी जहाज जेमतेम दीड सेंटिमीटर वर येईल!

जहाजाचं वजन असतं पोलाद, इंजिन, किचन, इंधन आणि पाण्याच्या टाक्यांमध्ये. म्हणून कॅप्टन आधी टाक्यांमधलं पाणी कमी करतो. शंभर टन पाणी काढलं तर सात सेंटिमीटर मिळतात. त्यापुढे त्याच्या हातात फार काही उरत नाही.

मालवाहू जहाजाला इथे एक सोय असते. ते अर्धाच माल भरतं आणि निघतं. पैसे जास्त लागतात, पण जहाज जातं. ज्याला तेही परवडत नाही तो वेगळं जहाज बांधून घेतो. बीएएसएफ या केमिकल कंपनीला २०१८ च्या कमी पाण्याचा फटका सुमारे २५ कोटी युरोचा बसला. मग त्यांच्यासाठी 'श्टोल्ट लुडविग्सहाफेन' नावाचं खास टँकर जहाज तयार झालं. २०२३ पासून चालणारं हे जहाज काउबची पातळी ३० असतानाही काही माल घेऊन जाऊ शकतं. हॉटेलचं मात्र असं करता येत नाही. अर्धं हॉटेल घरी ठेवून निघता येत नाही.

जिथे लॉक नाहीत, तिथेच अडतं

आता मुख्य मुद्दा. युरोपातल्या बऱ्याच नद्यांवर ठरावीक अंतरावर बंधारे आहेत आणि प्रत्येक बंधाऱ्याजवळ लॉक. लॉक म्हणजे जहाजांची पाण्याची लिफ्ट. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी वर-खाली करायचं, पुढचं दार उघडायचं. बंधाऱ्यांमुळे नदीच्या पायऱ्या होतात आणि प्रत्येक पायरीवर पाणी अडून राहतं. अशा नदीत पाऊस कमी पडला तरी जहाजापुरती खोली टिकते. माइनवर ३४ लॉक आहेत, पुढच्या कालव्यावर १६. मोझेल नदीवर २८. म्हणून ऱ्हाईन अडली असतानाही मोझेलवर जहाजं सहसा चालू असतात.

ऱ्हाईनवर बाझेलपासून इफेझहाइमपर्यंत लॉक आहेत. त्यानंतर समुद्रापर्यंत नदी मोकळी आहे. जेवढं पाणी वरून येईल तेवढंच. काउब याच मोकळ्या भागात येतं. डॅन्यूबवर बव्हेरियात श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे ७० किलोमीटरचा पट्टा असाच मोकळा आहे, ऑस्ट्रियातलं वाखाउ खोरं आहे, हंगेरीचा मोठा भाग आहे. एल्ब नदी तर याहून कठीण. तिथे मुळातच उथळ ड्राफ्टची छोटी जहाजं बांधावी लागतात आणि तरीही ती अडतात.

आता गंमत बघा. ब्रोशरच्या कव्हरवर कुठला फोटो असतो? काउबच्या आसपासचे किल्ले आणि द्राक्षमळे, किंवा वाखाउ. दोन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत, दोन्ही मोकळ्या नदीवर. म्हणजे ज्या पट्ट्यासाठी आपण पैसे मोजतो, तोच सगळ्यात आधी अडतो.

मग तिथेही बंधारा बांधून टाकावा ना? बव्हेरियात यावर कित्येक वर्षं भांडण झालं. मोकळी नदी म्हणजे मासे, पूरमैदानं, पक्षी. शेवटी २०१३ मध्ये तिथल्या सरकारने त्या पट्ट्यात बंधारा बांधायचा नाही असं ठरवलं. काउबजवळ जहाजांच्या वाटेची खोली १.९० वरून २.१० मीटर करायचा प्रकल्प आहे, पण तो फार सावकाश चालला आहे.

मग कंपनी काय करते?

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे जहाज बदलणं. मोठ्या कंपन्यांकडे एकसारखी जहाजं असतात. एक उथळ पट्ट्याच्या वर, एक खाली. सकाळी बसने निघायचं, वाटेत एखादं गाव बघायचं, संध्याकाळी दुसऱ्या जहाजावर तोच खोली नंबर आणि बॅगा आधीच पोचलेल्या. एकच जहाज असलेल्या कंपनीला हे जमत नाही. तिथे जहाज एका जागी उभं राहतं, तेच हॉटेल होतं आणि रोज बसने जा-ये. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांच्या वाट्याला नेमकं तेच येतं, जे टाळायला क्रूझ घेतली होती.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ऱ्हाईनला पूर आला की ठरावीक पातळीच्या वर वाहतूक अधिकृतपणे बंद होते. पाणी कमी झालं तर मात्र नदी कुणी बंद करत नाही. जायचं की नाही हे ज्या-त्या जहाजाने ठरवायचं. म्हणून एकाच दिवशी एक जहाज जातं आणि दुसरं थांबतं. थांबलेल्या जहाजाचा कॅप्टन घाबरट असतो असं नाही, त्याचा ड्राफ्ट दहा सेंटिमीटर जास्त असू शकतो.

हे आता दरवर्षीचंच आहे का?

दरवर्षी नाही. पण ऱ्हाईनला उन्हाळ्यात आल्प्समधलं वितळणारं बर्फ पाणी पुरवतं आणि तो साठा आटतोय. स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांनी २०२२ या एका वर्षात सुमारे ६ टक्के आणि २०२३ मध्ये सुमारे ४ टक्के बर्फ गमावलं. पाणी सर्वात कमी असतं ते साधारण ऑगस्टपासून शरद ऋतूपर्यंत. पण २०२५ मध्ये मार्च कोरडा गेला आणि एप्रिलमध्येच ऱ्हाईन उतरली. दुसऱ्या टोकाला, सप्टेंबर २०२४ च्या पुरात डॅन्यूबवर वाहतूक थांबली आणि व्हिएन्नात क्रूझचे प्रवासी जहाजावरच अडकले. एल्बवर डेचीनजवळ एक दगड आहे, दुष्काळातच दिसणारा. त्यावर १६१६ चा लेख आहे, साधारण अर्थ असा की मी दिसलो तर रडायला लागा. म्हणजे कमी पाणी नवं नाही. पूर्वी ते दिसलं की लोक उपासमारीला घाबरायचे.

बुक करण्याआधी एवढं बघा

एक, मार्ग विचारा. नुसतं 'ऱ्हाईन क्रूझ' पुरेसं नाही. काउब ओलांडायचं आहे का? श्ट्राउबिंग-फिल्सहोफेन आहे का? पासाउ ते बुडापेस्ट घेतलं तर तो बव्हेरियातला पट्टा वगळला जातो. मोझेल किंवा पोर्तुगालमधली दोरो, या लॉकवाल्या नद्या कमी पाण्याच्या बाबतीत जास्त भरवशाच्या.

दोन, महिना. मे-जूनमध्ये कमी पाण्याचा धोका कमी, पुराचा थोडा जास्त. स्वस्त मिळतंय म्हणून ऑक्टोबर घेत असाल तर ते का स्वस्त आहे याचाही विचार करा.

तीन, थेट विचारा: 'पाणी कमी झालं तर जहाज बदलून देता की बस?' उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको.

चार, नियम. युरोपीय संघात विकलेल्या पॅकेजला तिथला पॅकेज प्रवासाचा कायदा लागू होतो. निघण्याआधी प्रवासात मोठा बदल झाला तर दंड न भरता रद्द करता येतं. प्रवासात कबूल केलेलं मिळालं नाही तर किमतीत सूट मागता येते, दोष निसर्गाचा असला तरी. वेगळी नुकसानभरपाई मात्र अशा वेळी मिळत नाही. म्हणजे मुलीने जर्मनीतून बुक केलं की बाबांनी पुण्यातल्या एजंटकडून, यात फरक पडतो. इथून घेतलं तर आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि एजंटच्या अटी. त्या अटींत 'मार्ग बदलण्याचा हक्क' हे वाक्य शोधा, ते बहुतेक वेळा असतंच. प्रवास विम्यात नदीची पातळी येते का, तेही बघा.

पाच, आपल्या ऐकणाऱ्या इंजिनियर मंडळींसाठी. जर्मनीच्या जलमार्ग खात्याची 'पेगेलऑनलाइन' नावाची सेवा आहे, पातळीचे आकडे मोफत देते, एपीआयसकट. काउबची पातळी ९० च्या खाली गेली की फोनवर मेसेज, अशी स्क्रिप्ट रविवारी दुपारी लिहून होते. निघण्याच्या दोन आठवडे आधी चालू करा. कंपनीचा ईमेल यायच्या आधी तुम्हाला कळलेलं असेल आणि आईबाबांना बसच्या पायऱ्या चढायच्या आहेत की नाही, हे वेळेत विचारता येईल.

तुमच्या घरी कुणी अशी क्रूझ केली असेल आणि मधेच बसमध्ये बसावं लागलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नदी, महिना आणि कंपनीने नेमकं काय दिलं, एवढं सांगा. कंपनीचं नाव नको. पुरेशा नोट्स जमल्या तर पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये एकत्र ऐकवू. भेटू पुढच्या आठवड्यात!