फिशर, कार्लसन की गुकेश? तुलनेचे अवघड गणित

बॉबी फिशर १९७२ मध्ये रेक्याविकला बोरिस स्पास्कीविरुद्ध जगज्जेतेपदासाठी खेळला, तेव्हा त्याचे आंतरराष्ट्रीय गुणांकन २७८५ होते. डी. गुकेश २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनसमोर बसला, तेव्हा त्याचे गुणांकन होते २७८३. फरक अवघा दोन गुणांचा. मग दोघांची ताकद सारखीच म्हणायची का? बुद्धिबळप्रेमींच्या वादात असे आकडे हमखास पुढे केले जातात. पण ते नेमके काय मोजतात, हे आधी समजून घ्यायला हवे.

गुणांकनाची ही पद्धत हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाड इलो यांनी तयार केली. जागतिक संघटना ‘फिडे’ने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिचे सूत्र सोपे आहे. दोन खेळाडूंचे गुणांकन सारखे असेल, तर शंभर डावांत प्रत्येकाने ५० गुण मिळवणे अपेक्षित असते. फरक २०० गुणांचा असेल, तर वरचढ खेळाडूकडून सुमारे ७६ गुणांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळाले तर गुणांकन वाढते, कमी मिळाले तर घटते.

म्हणजे हे वजनकाट्यासारखे माप नव्हे. ते फक्त त्या काळात एकमेकांशी खेळणाऱ्यांमधले अंतर सांगते. मॅग्नस कार्लसनने २०१४ मध्ये २८८२ चे शिखर गाठले. फिशरच्या २७८५ शी त्याची तुलना केली, तर कार्लसन शंभरपैकी ६३-६४ गुण मिळवेल, असे गणित सांगते. पण दोघे कधी समोरासमोर आलेच नाहीत. मधल्या काळात खेळाडूंची संख्या वाढली, गुणांची पातळीही बदलली.

त्याच काळातल्या प्रतिस्पर्ध्यांशी तुलना केली, तर चित्र निराळे दिसते. १९७२ मध्ये फिशर अव्वल होता आणि खुद्द जगज्जेता स्पास्की २६६० गुणांसह १२५ गुणांनी मागे होता. जवळपास तेवढेच गुण असलेला गुकेश मात्र २०२४ मध्ये यादीत पाचवा होता.

संगणकाचा कौल

मग चालीच तपासल्या तर? स्लोव्हेनियाच्या ल्युब्ल्याना विद्यापीठातील मतेज गुइड आणि इव्हान ब्रात्को यांनी २००६ मध्ये तसा प्रयत्न केला. १८८६ पासूनच्या जगज्जेतेपदाच्या लढतींमधल्या चाली त्यांनी संगणकाकडून तपासून घेतल्या. पाठांतराचा भाग वगळावा म्हणून सुरुवातीच्या चाली सोडून दिल्या. सर्वांत कमी चुका निघाल्या क्युबाच्या कॅपाब्लांकाच्या. तो १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेता होता.

मात्र कॅपाब्लांका साध्या, सोप्या स्थिती पसंत करत असे. गुंतागुंतीच्या डावात चुका जास्त होणारच, त्यामुळे चुका कमी म्हणजे खेळाडू श्रेष्ठ, असे सरळ म्हणता येत नाही. शिवाय वापरलेला प्रोग्राम अव्वल खेळाडूंची पारख करण्याइतका सक्षम होता का, असा आक्षेपही घेतला गेला.

लढतीही वेगळ्या

जगज्जेतेपदाच्या लढतींचे स्वरूपही सारखे राहिलेले नाही. कारपोव्ह-कास्पारोव्ह लढतीत सहा विजय आधी मिळवणारा जिंकणार होता. सप्टेंबर १९८४ मध्ये सुरू झालेली ही लढत ४८ डावांनंतर, फेब्रुवारी १९८५ मध्ये निकालाविनाच थांबवावी लागली. तब्बल ४० डाव बरोबरीत सुटले होते. खेळाडूंच्या थकव्याची तेव्हा मोठी चर्चा झाली. कारपोव्हचे वजन बरेच घटल्याच्या बातम्या होत्या. गुकेश-डिंग लढत १४ डावांत, तीन आठवड्यांच्या आत संपली.

त्या काळी डाव अर्धवट थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे खेळता येई. रात्रभर सहकाऱ्यांसह पुढच्या चालींचा अभ्यास चाले. आता डाव एका बैठकीतच संपवावा लागतो. २०२१ मध्ये दुबईत कार्लसन आणि नेपोम्नियाची यांचा १३६ चालींचा डाव पावणेआठ तास चालला. दुसरीकडे, आजच्या खेळाडूच्या घरातला संगणक कोणत्याही जगज्जेत्यापेक्षा बलवान असतो. फिशरला ती सोय नव्हती.

त्यामुळे ‘सर्वांत अचूक कोण’ आणि ‘सर्वांत थोर कोण’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. पहिल्यात नव्या पिढीचे पारडे जड असणे स्वाभाविक आहे, कारण ती आधीच्यांच्या खेळावर शिकलेली असते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना खेळाडू आपल्या समकालीनांच्या किती पुढे होता आणि ती आघाडी त्याने किती काळ टिकवली, हे पाहावे लागते. इमॅन्युएल लास्कर तब्बल २७ वर्षे जगज्जेता होता. त्याच्या काळात इलो गुणांकन नव्हते, तरी हा विक्रम आजही अबाधित आहे.